अर्धी भरलेली मोटर

सकाळी अपेक्षा आतून बाहेर आली ती माझा निळा शर्ट घालून. माझा म्हणजे मी टाकून दिलेला. मी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, आम्हाला दर वर्षी नवे शर्ट मिळतात, आणि जुन्यातला कॉलर विरलेला माझी बायको साधना घ्यायची, कामावर साडीवर चढवायला. त्यावर वार्निशचे पिवळे डाग पडलेले आहेत, एका खिशाला भोक आहे. ती गेल्यापासून तो दारामागच्या खिळ्याला लटकत होता. मी तो धुतला नव्हता, हलवलाही नव्हता. घरात अशा बऱ्याच गोष्टी मी हलवल्या नव्हत्या. आरशाच्या फळीवर तिचा कंगवा, त्यात तिचे केस. फ्रिजच्या दारात तिनं अर्धी संपवलेली लोणच्याची बाटली. अपेक्षा त्या वस्तूंना वळसा घालून झाडू मारायची. आणि आता तो शर्ट बाह्या दुमडून माझ्यासमोर चालत आला, तेव्हा मी चहाची बशी खाली ठेवली.

"काढ तो," मी म्हणालो.

"कामावर जाताना घालतात, पप्पा. आपण कामावर चाललोय ना."

तिच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना एक दिवस आईबरोबर किंवा वडलांबरोबर कामावर जाऊन यायला सांगितलं होतं. मी धरून चाललो होतो की ती माझ्या बसमध्ये येणार. दाराजवळची सीट मोकळी ठेवा म्हणून मी माणसांना सांगूनही ठेवलं होतं. तर दोन दिवस आधी जेवताना ही म्हणाली, बस मला माहीत आहे, मी आईच्या कामावर जाणार. मी म्हणालो, आई कुठे आहे आता कामावर. ती म्हणाली, काम तर आहे ना. मी रजा टाकली. एकटीला पाठवायला जीव होत नव्हता, आणि बरोबर जायलाही होत नव्हता.

दिघीहून आम्ही स्कूटरवर निघालो. लष्कराची लांब भिंत संपली की वारा लागतो, तिथे साधना पदर तोंडावर घ्यायची. मी तिला सोडायला जायचो ते कधीतरी, माझी सकाळची पाळी नसेल तेव्हा, आणि तेही गल्लीच्या तोंडापर्यंत. चिखलीतल्या त्या गाळ्यात मी आत गेलो तो दर वर्षी फक्त खंडेनवमीला. आमच्या या पट्ट्यातल्या बायकापोरांनी नवऱ्याची, बापाची कंपनी पाहिलेली असते ती खंडेनवमीलाच. त्या दिवशी मशिनी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून बसलेल्या असतात, सगळी बंद. पोरं पेढा खातात, मशिनीला हात लावून बघतात आणि घरी जातात. काम काय असतं ते कुणाला दिसत नाही. आमच्या घरात हे उलटं होतं इतकंच. मी नवरा असून बायकोची कंपनी बघायला जायचो. हनीफभाईंचा गाळा, मोटर भरायचा. जळालेल्या मोटरी येतात, त्यांच्या पोटातली जुनी तार काढून नवी भरायची. हनीफभाई मालक, पण पूजा साधना करायची. हातोडीला हळद, तारेच्या रिळाला कुंकू. हनीफभाई स्वच्छ टोपी घालून बाजूला उभे राहायचे आणि पेढ्याचा बॉक्स धरायचे. मी नमस्कार करायचो आणि मला ते सगळं देवघरासारखं वाटायचं, शांत. सोळा वर्षं ती तिथे कामाला होती आणि ती काम करताना कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. ती गेल्यावर रात्री डोळे मिटले की ती स्वयंपाकघरात दिसायची, दवाखान्यात दिसायची, लग्नात दिसायची. पण दिवसाचा सगळ्यात मोठा भाग ती जिथे होती तिथे माझ्याकडे तिचं चित्रच नव्हतं. तिथे नुसता झेंडू होता.

गाळ्यात शिरल्यावर आधी वास आला. जळक्या तारेचा आणि वार्निशचा. हा वास संध्याकाळी तिच्या केसांत असायचा, शिकेकाईनंसुद्धा जायचा नाही. ती गेल्यावर उशीला राहिला, मग थंडीच्या दिवसांत उशीचाही गेला, आणि मला वाटलं संपला. इथे तो ढीगभर होता. भिंतींना होता. मी दारातच थांबलो. मला हसू आल्यासारखं झालं. इतके महिने मी उशी हुंगत बसलो होतो, आणि इथे स्कूटरवर अर्ध्या तासावर हे कोठार भरलेलं होतं.

"या शेखरभाऊ," हनीफभाई म्हणाले. त्यांनी अपेक्षाच्या अंगातला शर्ट पाहिला आणि मान खाली घातली. त्यांची बायको, बेगमभाभी, खाली पोत्यावर बसून पंख्याची मोटर भरत होती. साधनाच्या शेजारी तिचीच जागा. ती उठली नाही, नुसतं एक बोट वर केलं. अपेक्षा लगेच गप्प उभी राहिली आणि मलाही तिनं मनगटाला धरून थांबवलं. थोड्या वेळानं भाभीनं बोट खाली केलं आणि म्हणाली, "आता बोला. मोजत होते. आली का माझी बाई?"

ते बोट मला माहीत होतं. घरात मी काही विचारलं आणि साधना पोळ्या मोजत असली, कपडे मोजत असली, की असंच बोट वर यायचं. मला वाटायचं ही तिचीच सवय.

कोपऱ्यात बाकावर एक मोटर होती, तोंड उघडं, वर जुनी ओढणी टाकलेली. ओढणीवर छिन्नी आणि हातोडी. हनीफभाईंनी ओढणी काढली. आत गोलाकार खाचा होत्या, अर्ध्याहून जास्त खाचांत तांब्याची तार बसलेली, लाल, चकचकीत, वेणीसारखी एकावर एक. उरलेल्या रिकाम्या. जिथे तार संपत होती तिथे कागदाच्या पट्ट्या आत घालून तयार ठेवलेल्या, म्हणजे उद्या आलं की पुढे लागायचं. त्या उद्या तिला ताप आला. डेंग्यू निघाला.

"साधनाताईंची आहे," हनीफभाई म्हणाले. "शेवटची. चाकणचे उद्धवराव आहेत, कांद्या-बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे त्यांचं, त्यांची मोटर. मी आजवर थापा मारल्या, तार आली नाही, लाइट नाही. आता नाही चालत. कापून परत पहिल्यापासून भरायची."

"कापून कशाला? आहे त्याच्या पुढे भरा की," मी म्हणालो.

"इथे तसं नाही करत भाऊ. एका मोटरीत दोन हात नाही. कोण तार ओढून बसवतो, कोण ढिली. उद्या जळली तर कुणाच्या हातानं जळली? हा नियम साधनाताईंनीच लावलेला. मला सुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत. मी गेल्या आठवड्यातच कापणार होतो. हिनं फोन केला, चाचा, मी येते तोवर कापू नका."

मी अपेक्षाकडे पाहिलं. ती मोटरीत वाकून बघत होती.

तेवढ्यात उद्धवरावांचाच फोन आला. हनीफभाईंनी स्पीकरवर टाकला. "आवं हनीफभाई, माझी मोटर हाय का इकून खाल्ली?"

"आज होतेय राव. आजचा दिवस."

"आज म्हंजे कंचा आज? दिवाळीपासनं तुमचा आजच चाललाय. माल यायला लागला माझा. आज न्हाई झाली तर मी उद्या टेम्पो घिऊन येतो आन उचलून दुसरीकडं टाकतो. तुमच्या गाळ्याचं तोंड बघणार न्हाई पुन्हा."

फोन ठेवल्यावर हनीफभाईंनी छिन्नी उचलली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला द्या ही. अशीच. मी घरी नेतो."

"ही? घरी?" बेगमभाभी म्हणाली. "बिडाचं धूड आहे ते. दोघं लागतात उचलायला. आणि नेऊन काय करणार? टीपॉय?"

मला खरंच ती घरी हवी होती. आरशाखाली ठेवली असती, कंगव्याजवळ. तिचा हात जिथे थांबला तिथेच थांबलेली. हे मी बोललो नाही, पण अपेक्षाला कळलं असावं. ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, घरात आणखी एक अर्धी वस्तू नको."

मग हनीफभाईंकडे वळून, "मी भरते."

शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू झाला आणि बंद झाला.

"हिला येतं," भाभी म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आठवीपासून शाळा सुटली की इथे येऊन बसायची. पंखे भरायची आईशेजारी. साधना म्हणायची बापाला सांगू नका, म्हणेल पोरीचा अभ्यास बुडवला."

"पंखा वेगळा, ही वेगळी," हनीफभाई म्हणाले. "आणि जळली तर? पोरीच्या डोळ्यादेखत साधनाताईंचं काम धूर होऊन जाईल. भाऊ, तुम्ही बोला. तुम्ही नको म्हणालात तर मी कापतो."

मला नकोच म्हणायचं होतं. एकदा मी एका गोष्टीचा शेवट पाहिला होता आणि दुसऱ्यांदा बघायची ताकद नव्हती. कापली तर निदान ती जळणार नाही. पण अपेक्षाच्या अंगावर तो शर्ट होता आणि त्याच्या बाह्या आधीच वर केलेल्या होत्या, आणि मला उमगलं की कॉलेजचं फक्त निमित्त. हिला काही बघायचं नव्हतं, हिनं सगळं बघितलेलं होतं. तिनं मला आणलं होतं.

"भरू दे," मी म्हणालो.

हनीफभाईंनी आणि मी मोटर उचलून खाली घेतली. अपेक्षा पोत्यावर बसली, आईच्या जागेवर. आईनं गुंडाळून ठेवलेल्या कॉइल खिळ्याला दोऱ्यानं बांधून टांगलेल्या होत्या, त्या आधी घेतल्या. एकेक तार बोटांनी सोडवून खाचेत सोडायची, बांबूच्या पट्टीनं दाबायची, वर कागद दुमडायचा. बांबू तारेला ओरखडा काढत नाही, भाभीनं मला सांगितलं, लोखंड लावलं की गेली. मी स्टुलावर बसलो होतो. मला वाटलं होतं की मला रडू येईल, पण बघण्यातच वेळ जायला लागला. हात कसा जातो ते. डावा अंगठा आत धरून ठेवतो, उजवी दोन बोटं तार सरळ करतात, मनगट जरा फिरतं आणि तार आत जाते. साधनाच्या डाव्या अंगठ्याला कडेला घट्टा होता. लग्नानंतर काही वर्षांनी आला. मी तिला विचारलं होतं, भांड्यानं का गं, तर ती हसली होती. आता मला तो घट्टा कसा झाला ते दिसत होतं, एकेका तारेनं. चित्र भरत होतं. ती इथे पोत्यावर अशी बसत होती, खिडकीचा उजेड असा डावीकडून येत होता, पाय असा मुडपलेला. दुपारी एक वाजता मी चाकणच्या सिग्नलला बस घेऊन उभा असायचो, तेव्हा ती अशी असायची.

टांगलेल्या कॉइल संपल्या. शेवटच्या काही गुंडाळायच्या राहिल्या होत्या. अपेक्षा हाताच्या मशिनीवर बसली. लाकडी फर्म्यावर तार गुंडाळत जायची, एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं तार ताणून धरायची, आणि मोजायचं. वेढा कमी पडला तरी मोटर जळते, जास्त झाला तरी ओढत नाही. मशिनीला आकडा दाखवणारं डबडं होतं, पण त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ती ओठांत मोजायला लागली. आवाज नाही, नुसते ओठ हलतायत.

आणि मी मनानं दवाखान्यात गेलो. साधनाचा ताप उतरत नव्हता, डोळे मिटलेले, आणि ओठ असेच हलत होते. नर्स म्हणाली, देवाचं नाव घेतायत, घेऊ द्या. मी कान जवळ नेला, काही ऐकू आलं नाही. मी तिचा हात धरला तेव्हा तिनं तो सोडवून घेतला आणि एक बोट वर केलं. इतके महिने ते बोट मला छळत होतं. मला वाटायचं, वर दाखवतेय, निघाले म्हणून सांगतेय. किंवा मला दूर सारतेय. ती मोजत होती. ही मोटर राहिली होती आणि ती मोजत होती, आणि मी मध्ये बोलू नये म्हणून तिनं बोट वर केलं होतं, रोजच्यासारखं. ती मला सोडून कुठे चालली नव्हती, ती कामात होती.

"अगं, ती मोजत होती," मी मोठ्यानं बोललो.

अपेक्षाचा हात थांबला. "गेला आकडा," ती म्हणाली.

"भाऊ!" बेगमभाभी ओरडली. "तार भरणारा वाइंडर मोजत असला तर आमच्याकडे चोर आला तरी कुणी बोलत नाही. उठा. बाहेर बसा. चहा सांगा."

अपेक्षा गुंडाळलेली तार उलटी सोडवायला लागली, न रागावता. मी बाहेर आलो, टपरीवर चहा सांगितला. चहावाल्या पोरानं विचारलं, कुणासाठी, आणि मी म्हणालो, वाइंडरबाईंसाठी. माझा चेहरा मला जाणवत होता, तो हसत होता. रस्त्यावरून भंगाराचे टेम्पो जात होते, धूळ उडत होती, आणि मला सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटत होतं की ती मोजत होती.

उन्हं कलली तेव्हा शेवटची खाच भरली. अपेक्षा हात धुवायला गेली आणि हनीफभाईंनी जोडणी केली. प्रत्येक कॉइलच्या एका टोकाला दोऱ्याची गाठ असते, त्यावरून ते टोकं ओळखून जोडत होते. मग बल्ब लावून पाहिला. तार कुठे बिडाला टेकली असेल तर बल्ब पेटतो. पेटला नाही. भाभीनं बोटं मोडून अपेक्षाची दृष्ट काढली. मोटर बंद केली, झाकणं बसवली, दोघांनी उचलून परत बाकावर ठेवली, लाइटला जोडली. वार्निश नंतर, आधी फिरते का बघायचं.

हनीफभाईंनी बटण दाबलं. मोटर गुरगुरली. नुसती गुरगुरली, बाकासकट थरथरली, पण फिरेना. कोंडलेल्या जनावरासारखा आवाज. त्यांनी झटकन बंद केली. झाकणाशी हात नेला, गरम. पुन्हा एकदा दाबलं, पुन्हा तेच, आणि आता वास यायला लागला. बंद.

"माझं चुकलं," अपेक्षा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. "वेढे चुकले माझे."

"म्हणून म्हणतो दोन हात नको," हनीफभाई हळू बोलले. त्यांना दुखावायचं नव्हतं. "जाऊ दे बेटा. तू केलंस ते पुष्कळ केलंस. उद्धवरावाला मी दुसरी देतो कुठून तरी." आणि त्यांनी झाकण उघडलं. छिन्नी बाकावरच होती.

मी पुढे जाऊन मोटरीत वाकलो. मला त्यातलं काही कळत नाही. मला नुसतं बघायचं होतं कापण्याआधी. तारांच्या टोकांना दोऱ्याच्या गाठी दिसत होत्या. काही पांढऱ्या दोऱ्याच्या, आजच्या. काही जुन्या, पिवळ्या पडलेल्या. आणि मला आमची गॅलरी आठवली. तिथे कपडे वाळत घालायच्या तारेचं वेटोळं असायचं, आणि मी ते नेहमी चुकीच्या टोकानं ओढायचो आणि गुंता करायचो. साधना हातातलं टाकून यायची. अहो, गाठ दिसत नाही का. गाठ बांधलीय म्हणजे तिथून सुरुवात. लोक शेवटाला गाठ मारतात, मी सुरुवातीला मारते, शेवट काय, कुठेतरी सापडतोच.

"हनीफभाई," मी म्हणालो, "गाठ म्हणजे कोणतं टोक धरलंत तुम्ही?"

"शेवटचं. सगळे तसंच बांधतात."

"आणि तू?" मी अपेक्षाला विचारलं.

"शेवटचं. पंख्याच्या गाठी बेगमचाचीनं शिकवल्या, तशाच."

"साधना सुरुवातीला बांधायची."

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटरीत पाहिलं, मग बेगमभाभीकडे.

"व्हय की," भाभी म्हणाली. "उलट्या डोक्याची होती. मी किती भांडले तिच्याशी त्यावरून."

"म्हणजे अर्धी मोटर सुलटी जोडलीय मी आणि अर्धी उलटी. दोघी एकमेकींना ओढतायत," हनीफभाई म्हणाले आणि कपाळावर हात मारला. "सोळा वर्षं तिनं मला जोडणी करू दिली नाही, ते यासाठी."

त्यांनी पिवळ्या गाठींची टोकं सोडवली. अपेक्षानं बॅटरी धरली. या वेळी मी जवळच उभा होतो, मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. टोकं फिरवून जोडली, झाकण लावलं. हनीफभाईंनी बटणाजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. "तू दाब," ते अपेक्षाला म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मोटर फिरली. आधी एक झटका, मग आवाज चढत गेला, आणि मग आवाज एका जागी बसला, भरदार, सरळ, त्यात कुठे खरखर नाही. वरचे पत्रे वाजायला लागले. बाकावरचे खिळे नाचायला लागले. अपेक्षा दोन्ही हात शर्टाला पुसत होती, पुसत होती आणि हसत होती. शेजारच्या गाळ्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. भाभी त्यांना सांगत होती, साधनाची आहे, साधनाची. मी झाकणावर तळवा ठेवला. थरथर मनगटातून कोपरापर्यंत आली. गरम नव्हती, कोमट होती.

"बंद करू का?" अपेक्षा ओरडून म्हणाली.

"राहू दे. बिल माझं," हनीफभाई म्हणाले, आणि उद्धवरावांना फोन लावला. मोबाइल मोटरीसमोर धरला. "ऐका राव."

"काय ऐकू? नुस्ता आवाज येतोय," उद्धवराव तिकडून म्हणाले.

मी हनीफभाईंच्या हातातून फोन घेतला.

"उद्धवराव, मी साधनाचा नवरा बोलतोय. शेखर. तुमची मोटर तिनं भरलीय, आणि ती वारली म्हणून उरलेली आमच्या मुलीनं भरलीय."

इतके महिने मी हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते मला ओरडून सांगावं लागलं होतं, कारण मोटरीचा आवाज मोठा होता.

"बरं," उद्धवराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "ब्येस झालं. वार्निश करा, सावकाश पाठवा. ठेवू का मग?"

"थांबा," मी म्हणालो, आणि फोन पुन्हा मोटरीजवळ नेला. "अजून थोडं ऐका."